नाकाखालचा फोटो

सोडलंत? सगळंच सोडलंत? — वा, मास्तर. नाही हो, चेष्टा नाही करत, बसा नीट, डोकं मागे टेकवा — अजून मागे — हं. तर फोनवरची सगळी खाती सोडलीत तुम्ही. फोटो, मित्र, मित्रांचे मित्र, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळ्यावर पाणी सोडलंत. का, तर म्हणे खाजगीपणा उरला नाही, कोणीतरी आपल्यावर नजर ठेवून असतं. कोण नजर ठेवणार मास्तर तुमच्यावर? राग मानू नका, पण तुम्ही शाळेत भूगोल शिकवता, संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन घरी जाता आणि तुमची उजवीकडची खालची दाढ किडलीय. एवढं कळावं म्हणून परदेशात कोणी डोळ्यांत तेल घालून बसलंय असं वाटतं तुम्हाला? आणि गंमत बघा, खाजगी खाजगी करत आलात आणि आल्या आल्या माझ्यासमोर आडवे पडून आ वासलात. याच्याहून खाजगी काय असतं माणसाजवळ? घरच्यांनीसुद्धा बघितली नसेल ही तुमची अक्कलदाढ, मी बघतोय. मोठा आ करा — हं, असाच धरा, एक फोटो घेतो. — दचकता काय? माझ्यासाठी असतो तो, कामाच्या आधीचा एक, नंतरचा एक, सवय आहे हाताला. झाला. मिटा तोंड.

ही दाढ काही वाचत नाही, काढावी लागणार. आता जरा टोचेल. मुंगी चावल्यासारखं म्हणतात सगळे डॉक्टर, मी नाही म्हणत, टोचेलच. — झालं, झालं. आता बधिर व्हायला थोडा वेळ लागतो, तोवर पडून राहा. मला एक सांगा, सोडताना निरोपाचा लेख लिहिलात का? 'मित्रहो, जड अंतःकरणानं कळवतो की' — लिहिलात की नाही? मान हलवताय म्हणजे लिहिलात. सगळेच लिहितात. आमचा एक पेशंट आहे, विम्याचं काम करतो, त्यानं वर्षात तीनदा सोडलं. दर वेळी लांबलचक निरोप, खाली लोकांचे हुंदके, जाऊ नका जाऊ नका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हा परत हजर, कोण कोण रडलं ते बघायला. आता ज्याला खरंच दार लावून घ्यायचंय तो आधी गच्चीत उभा राहून ओरडतो का, की मी दार लावतोय हो, बघा सगळे. नाही ना. जो खरा जातो तो बोलत नाही. माझ्या माहितीत एकच व्यक्ती तशी गेली, काही न लिहिता, न सांगता, आज होती आणि उद्या नाही. ते जाऊ द्या. जीभ जड झाली का?

कुठून आलात म्हणालात मगाशी बाहेर? पाण्याच्या टाकीमागून. टाकीमागे म्हणजे — पिवळी इमारत? बाहेरून जिना आहे ती? हं. कितवा मजला? दोन बोटं. दुसरा. हं. — नाही, सहज विचारलं. लांब पडतं हो तिथून. वाटेत दाताचे दवाखाने पण किती, बस थांबते तिथे एक आहे, पुढे चौकात आहे, तो चांगला आहे मुलगा, हात जरा जड आहे पण चांगला आहे. तुम्ही सगळे ओलांडून इथवर आलात. कोणी सांगितलं माझं — थांबा, बोलू नका, आता बोललात तर जीभ चावाल आणि तुम्हाला कळणारसुद्धा नाही. नंतर सांगा. उघडा.

काय आहे मास्तर, मी चेहरे विसरतो. नावं तर विसरतोच. पण एकदा बघितलेला दात नाही विसरत. परवा बँकेत रांगेत माझ्यापुढे एक जण हेल्मेट घालून उभा, काच वर, तोंडाला रुमाल. शिंकला, रुमाल खाली गेला, वरचा सुळा दिसला जरा आत वळलेला. मी म्हटलं, काय हो, ती पुढच्या दातावरची टोपी बसवायला आला नाहीत परत? गार पडला तो. तुमच्या शाळेचे हेडमास्तर बघा, एवढे कडक, एवढे ताठ — वरचे सगळे कवळीचे आहेत. ठाऊक नव्हतं तुम्हाला? मग विसरा. मी बोललोच नाही. इथलं इथेच राहतं, तो नियम आहे आमचा. सांगायचं ते एवढंच, की दात म्हणजे माणूस. माझ्यापुरतं तरी. अर्धा ओठ दिसला तरी मी सांगीन कोण ते.

आता दाबल्यासारखं वाटेल, दुखणार नाही, दुखलं तर डावा हात वर करा. — ती खिडकी दिसते ना, पडदा सरकवतो — तो समोरचा बोर्ड बघा, दिवेवाला. आमच्याच धंद्यातला. कालचं पोर. आल्या आल्या काय केलं, तर दवाखान्याचं पान उघडलं आणि रोज फोटो. आधीचा आणि नंतरचा. आधी एक काळंकुट्ट तोंड, शेजारी तेच तोंड लखलखीत. खाली लोकांच्या टाळ्या. आणि पेशंट सगळे तिकडे. माझ्याकडे पिढ्यान्‌पिढ्या येणारी माणसं, जिना चढता चढता समोर बघायची आणि उतरून जायची, मला इथून दिसायचं हो, मूग गिळून बघत बसायचो. आणि काम कसं त्याचं? टाइल्स बसवल्यासारखे दात, एका मापाचे, एका रंगाचे. तोंड उघडलं की न्हाणीघर. मी तीस वर्षं घालवली या खुर्चीपाशी, मला पण वाटलं, दाखवावं की एकदा काम कशाला म्हणतात ते. चुकलं का काही? हात खाली ठेवा, दुखत नाहीये तुम्हाला, उत्तर द्यायला वर केलाय.

तर मी पण उघडलं पान. आणि टाकायचं तर माझं सगळ्यात चांगलं काम टाकायचं, नाही का. माझं सगळ्यात चांगलं काम कोणतं — तर हिचं. म्हणजे आमच्या बायकोचं. आता कसं आहे — तोंड उघडं ठेवा — ही शाळेत असताना सायकलवरून तोंडावर पडली, वरचे पुढचे चार दात गेले. मी तेव्हा कॉलेजात शेवटच्या वर्षाला, आमच्या सरांनी तिची पहिली कवळी माझ्याकडून करून घेतली, तारेची, आता बघितली तर हसू येईल अशी. ती बसवताना ही रडत होती आणि मी सांगत होतो की रडू नका, माप हलतं. असा आमचा परिचय. पुढं लग्न झालं. आणि मास्तर, विश्वास ठेवा, एवढ्या वर्षांत कोणाला म्हणून पत्ता नव्हता. माझी आई गेली, तिला कळलं नाही. आमच्या पोरीला कळलं नाही. रोज झोपायच्या आधी ही आत जायची, कडी लावायची, नळ सोडायची आणि कवळी धुवायची. मी नवरा, वरून दाताचा डॉक्टर, ती कवळी मी केलेली, आणि माझ्यासमोर सुद्धा कधी काढली नाही. मी म्हणायचो अगं मला काय लपवतेस, मी रोज अशी पन्नास बघतो. म्हणायची, तुम्ही पन्नास बघता म्हणूनच.

बायकांचं डोकं, दुसरं काय. — थुंका. चूळ भरा. पडा परत.

मोडली बघा. वरचा भाग हातात आला, मुळं राहिली आत. घाबरू नका, होतं असं, जुनी किडलेली दाढ म्हणजे ओल्या भिंतीतला खिळा. आता एक एक मूळ काढायचं, वेळ लागेल जरा, तुम्हाला काही घाई नाही ना. बायको वाट बघत असेल? बघू दे. कोणीतरी वाट बघतंय हे चांगलं असतं.

तर गेल्या हिवाळ्यात मी हट्टच धरला, की पुरे झाली कवळी, पक्के दात बसवू, हाडात. तयार झाली. याच खुर्चीत, तुम्ही पडलात तिथं. तेव्हा पहिल्यांदा तिनं माझ्यासमोर कवळी काढली आणि माझ्या हातात दिली. डोळे मिटून घेतले होते. मी आधीचा फोटो घेतला, कामाला लागतोच तो, सवय. मग महिनोन्‌महिने काम. एकेक दात मी स्वतः घासून आकाराला आणला, एकाची कड मुद्दाम किंचित तिरकी ठेवली, कारण देवानं दिलेले दात सरळ नसतात, ते समोरच्याला काय कळणार. आणि बसवले त्या दिवशी ही घरी गेली, टोपलीतलं सफरचंद उचललं, न कापता, आणि कचकन चावलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. रस हनुवटीवरून खाली, आणि हसत सुटली, तिचं हसणं असं की भिंतीपलीकडे ऐकू जातं, बालवाडीत पोरं त्या हसण्याच्या मागं लागलेली असतात — सांगायचं राहिलं, ही बालवाडीच्या बाई. तर ती हसत होती, आणि तो नंतरचा फोटो. मास्तर, मी लय कामं केली आयुष्यात, पण तसा फोटो नाही.

तो टाकला. आधीचा आणि नंतरचा, शेजारी शेजारी. — का? बघताय काय असं? अहो, चेहरा कुठं होता त्यात? नाकाखालून हनुवटीपर्यंत. डोळे नाहीत, कपाळ नाही, नाव नाही, काही नाही. कोण ओळखणार? एक तोंड. दवाखान्यातली एक केस. मी आमच्या डॉक्टरीच्या पुस्तकात छापतात तसंच केलं, पुस्तकात कोण विचारतं हे कोणाचे दात म्हणून.

हो, मगाशी मीच म्हणालो, की अर्धा ओठ पुरतो. ते माझं, मास्तर. मी डॉक्टर आहे. मला काय माहीत, की बालवाडीतल्या पोरांच्या आया पण तेवढंच बघतात. त्या रोज दारात उभ्या, ही रोज त्यांच्यासमोर हसणारी. वरच्या ओठावर एक वण आहे, सायकलचा, बारीक, कितीदा म्हटलं घालवून टाकू. पण वण नसता तरी ओळखलं असतं म्हणे. हसण्यावरून. — हललात. हलू नका, मूळ खोल आहे.

मग काय झालं ते ऐका. शाळा सुटायची वेळ, आया जमलेल्या, आणि एक एवढंसं पोर हिच्या साडीला धरून म्हणालं, बाई, ते दात काढून दाखवा ना. आईनं घरी दाखवला असणार फोटो. पोराला वाटलं जादू आहे. त्याची आई त्याचा हात ओढून निघाली आणि बाकीच्या सगळ्या एकदम आपापल्या पोरांचे बूट घालायला वाकल्या. हिनं सांगितलं मला हे. रडली नाही. मी म्हटलं, अगं लहान लेकरू ते, हसून सोडून द्यायचं. म्हणाली, कशानं हसू?

आता यात हसण्यासारखं आहे का रडण्यासारखं, तुम्ही सांगा. मला तर — चूळ भरा. रक्त बघू नका, थोडं येणारच.

तर ती म्हणाली, अहो, काढून टाका तो. मी म्हटलं काढतो. ती म्हणाली, आत्ता. मी म्हटलं, अगं त्यात तू कुठे आहेस, चेहरा कुठे आहे, ती एक केस आहे. तर बघतच राहिली माझ्याकडं. म्हणाली, एवढी वर्षं या तोंडाशी बोलताय, त्यात मी नाही दिसले तुम्हाला? आणि मी तो काढला नाही, म्हणजे लगेच नाही काढला, खरं सांगायचं तर, कारण त्या फोटोला जी माणसं आली होती मास्तर — समोरच्याच्या सगळ्या पानाला मिळून आली नसतील. लोक लिहीत होते, काय हात आहे डॉक्टरांचा. ओळखीचे, बिनओळखीचे. कुठल्या कुठल्या गावाहून. तीस वर्षं मी या खोलीत लोकांच्या तोंडात तोंड घालून उभा आहे, कोणी म्हटलं नाही हो, काय हात आहे. सुन्न जबड्यानं काय म्हणणार, उठतात, पैसे देतात, जातात. मला वाटलं, उद्या काढू. एक दिवस राहू दे. मग दुसऱ्या दिवशी वाटलं आणखी एक. माणूसच आहे ना मी पण.

शेवटी काढला. तोवर कोणीतरी पुढे पाठवलेला, त्यानं आणखी पुढे. चव्हाट्यावर आलेली गोष्ट परत घरात कशी घेणार. आणि ही सगळीकडून निघून गेली, सगळी खाती बंद, बालवाडीच्या आयांचा ग्रुप होता त्यातून पण. तुमच्यासारखं लिहिलं नाही काही, जड अंतःकरण वगैरे. मी त्यावर सुद्धा एक कोटी केली, की अरे वा, आमच्याकडे पण संन्यास घेतला कोणीतरी. तोंडावर हात ठेवून ऐकत होती. तेव्हापासून हात तोंडावरच. जेवताना, बोलताना, माझ्याशी बोलताना सुद्धा. माझ्याशी. मी म्हटलं, अगं हे दात मी केलेत. म्हणाली, माहीत आहे, सगळ्यांनाच माहीत आहे.

मग गेली. म्हणजे घरातनं. काही तमाशा नाही, एक बॅग, टेबलावर किल्ली, फ्रीजमधे दोन दिवसांचं जेवण.

आलं. पहिलं मूळ आलं. बघा, केवढं आहे, वाकडं, म्हणून अडून बसलं होतं. अजून एक.

बहिणीकडे गेली. मोठ्या. माझी मेहुणी ती, मी तिला कर्नल म्हणतो, तोंडावर नाही म्हणत, तेवढं धाडस नाही. बाई एकटी राहते, कुंड्या लावते आणि माझा तिरस्कार करते, दोन्ही मनापासून. कुठं राहते विचारू नका. विचारू नका, कारण तुम्हाला माहीत आहे, तुमच्या डोक्यावर राहते. तिसरा मजला. जिना बाहेरून आहे, रेलिंगला कुंड्या टांगलेल्या. मगाशी दोन बोटं दाखवलीत ना, तेव्हाच मी ओळखलं होतं, दाखवलं नाही.

हात वर करू नका, दुखत नाहीये, मला माहीत आहे. पुरतं ऐका तरी.

मी पान बंद केलं, दवाखान्याचं. तुमच्यासारखंच मी पण सोडलं म्हणा ना. फक्त एक बारीकसं खातं ठेवलं, दुसऱ्या नावानं, फोटोच्या जागी निवडुंग. कर्नलबाईंना निवडुंग आवडतात. एवढ्या वर्षांत माझ्याशी एक शब्द गोड बोलली नसेल, पण निवडुंगाचं काय स्वागत केलं म्हणून सांगू. सुप्रभात काय, तुमच्याकडे ऊन कसं आहे काय. आणि तिच्या पानावर घरातले फोटो यायचे. कुंड्या, पडदे, चहा. एकदा कडेला ही दिसली, अर्धी, भाजी निवडताना. मान खाली, एक हात तोंडावर. मी तो फोटो मोठा करून करून बघितला, तुकडे तुकडे झाले त्याचे, तरी बघितला. हे म्हणजे काय — ते तुम्ही म्हणता ना, कोणीतरी आपल्यावर नजर ठेवतंय — तर बघा, ते कोणीतरी म्हणजे असं असतं. निवडुंग. पायजमा घालून स्वयंपाकघरात बसलेला.

आणि ते पण कसं गेलं, सांगू? माझ्या मूर्खपणानं. कर्नलनं एक दिवस स्वतःचा फोटो टाकला, हसताना, वाढदिवस असेल. खाली सगळे लिहितायत सुंदर, गोड, चिरतरुण. आणि या निवडुंगानं काय लिहावं? 'खालच्या हिरड्या सुजल्यासारख्या वाटतात, दुर्लक्ष करू नका.' अहो, हात लिहून गेला. डोळ्यांना दिसलं, हातानं लिहिलं, डोकं नंतर आलं. दुसरा कोणता माणूस लिहील असं, सांगा. तिनं काय ते ओळखलं. दारं बंद, निवडुंग बाहेर. — हसताय? हसा, हसा, पण तोंड मिटू नका, दुसरं मूळ धरलंय मी.

आलं. संपलं. शूर आहात. आता हा कापूस, घट्ट चावून धरा, असाच, तासभर. बोलायचं नाही, थुंकायचं नाही, नाहीतर रक्त थांबत नाही. उठून बसा हळू.

आणि आता मान हलवून एवढंच सांगा. वरून आवाज येतो का हो? पायांचा नाही, हसण्याचा. जुन्या इमारतीत छत पातळ असतं, ऐकू यायला पाहिजे. येतो? हं? — ही काय खूण, हो का नाही? खांदे काय उडवता. फोन कशाला काढताय? लिहिताय? लिहा. लिहा बरं, चष्मा घेतो. 'तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं, यांच्याकडेच जा. फार हलका हात आहे.'

हिनं सांगितलं? ही म्हणाली हे? कर्नल नव्हे ना, कर्नल नाही म्हणणार. ही म्हणाली. हलका हात आहे. — थांबा, मला परत वाचू द्या. फार हलका. 'फार' तुम्ही घातलंत का तिनं म्हटलं? तिनं म्हटलं. बसा हो जरा, काय घाई आहे. पाणी नको, तुम्हाला चालणार नाही, मला हवंय.

बघा मास्तर, म्हणजे राग उतरलाय. उतरलाच म्हणायचा, नाहीतर कोण कशाला पेशंट पाठवील. मला वाटलंच होतं. मी काय म्हणतो, तुम्ही शेजारी, जिन्यात भेटत असाल, कुंड्यांना पाणी घालायला बाहेर येत असेल ती. एक काम करा माझं. मला कळेना झालंय, की ती हसते का नाही. ते दात हलत नाहीत ना, हिरडी धरलीय ना नीट, सहा महिन्यांनी बघायला पाहिजे असतं ते, आणि नुसतं — नुसतं बघायचंय मला. तेव्हा तुम्ही कधी तरी, तिला कळू न देता, फोनवर एक घ्या आणि मला पाठवा. हसताना मिळाला तर फार बरं. चेहरा नसला तरी चालेल. नाकाखालचा पुरे.

काय झालं? असे काय बघताय? मी काय वावगं — परत काय लिहिताय. दाखवा. धरा नीट, हलवू नका. 'बाईंनी एवढंच बघून यायला सांगितलं होतं, की डॉक्टर अजून फोटो काढतात का.'

नाही. म्हणजे मगाशी तो — तो नुसता दाढेचा होता, मास्तर, सवयीचा, मी सांगितलं ना माझ्यासाठी असतो म्हणून. हा बघा, पुसतो. तुमच्यासमोर पुसतो. हा घ्या, पुसला, बघा की इकडे, काही नाही राहिलं यात. आणि आत्ता जे म्हणालो ते बोलण्याच्या ओघात म्हणालो. निवडुंगाचं पण. पेशंटनं दवाखान्यातलं बाहेर न्यायचं नसतं, खाजगी असतं ते, तुम्हीच म्हणता ना खाजगीपणा पाहिजे, मग मला पण पाहिजे की. मला नको का?

— बरं. पैसे नकोत. राहू द्या म्हटलं ना. पायरी जपून उतरा, बधिर आहात अजून. कापूस काढू नका. तासभर तोंड उघडायचं नाही, मास्तर, घरी गेल्यावर तर नाहीच. — बाहेर कोण आहे? या आत.